यादीत नसलेले गाव

आपल्याकडे चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली उतरतो, पोरे आकाशकंदिलाच्या कामट्या तासायला बसतात, त्याच सुमारास आयर्लंडच्या दक्षिण टोकाला, कॉर्क नावाच्या जिल्ह्यात, माणसे एकमेकांना एकच प्रश्न विचारीत असतात: "यंदा कोण?" प्रश्न निवडणुकीचा नसतो, की घोड्यांच्या शर्यतीचाही नसतो. हर्लिंग नावाच्या खेळात जिल्ह्याचे अजिंक्यपद कोणत्या क्लबाकडे जाणार, एवढेच त्यांना हवे असते. पण हे 'एवढेच' त्या लोकांना गेली सव्वाशेहून अधिक वर्षे पुरून उरले आहे.

या स्पर्धेच्या विजेत्यांची यादी १८८७ पासूनची आहे. तिच्यात शहरी क्लब आहेत, खेडी आहेत, एक विद्यापीठसुद्धा आहे. मात्र एक नाव शोधूनही सापडत नाही. ते नाव क्लॉइन. आणि गंमत अशी की, हर्लिंगच्या इतिहासातला सर्वांत थोर मानला जाणारा खेळाडू जन्मला तो याच क्लॉइनमध्ये! ही विसंगती कशी घडली, हे सांगायचे तर यादीची कथा थोडी मुळापासून सांगायला हवी.

आधी खेळ. ॲश नावाच्या झाडाचे बुंध्याजवळचे, मुळाकडे वळलेले लाकूड घेऊन त्याची एक काठी करतात. तिचे टोक पसरट, साधारण उलथन्यासारखे. चेंडू बुचाच्या गाभ्याचा, वर कातडे शिवलेला. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी. गोलाचे खांब इंग्रजी 'एच' अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर एक गुण. चेंडू हवेत असताना हाताने झेलता येतो, काठीच्या टोकावर तोलून पळता येते, पण जमिनीवरून हाताने उचलता येत नाही. मैदान हॉकीच्या मैदानाहून बरेच मोठे, आणि चेंडू बराच वेळ हवेतच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावे, ही लढाई आहे. दुसऱ्यांदा पाहताना कळते, हे नृत्यही आहे. २०१० पासून शिरस्त्राण सक्तीचे झाले. तोपर्यंत पुष्कळसे गडी उघड्या डोक्यानेच खेळत.

खेळ जुना आहे. १३६६ साली इंग्रज राज्यकर्त्यांनी किलकेनी येथे जे कायदे केले, त्यांत आपल्या वसाहतवाल्यांनी हा खेळ खेळू नये असे कलम होते. राज्यकर्त्याला मनाई करावीशी वाटली, याचा अर्थ त्याची माणसेही एव्हाना त्यात रमली होती! पुढे एकोणिसाव्या शतकात दुष्काळ आणि देशांतर यांनी गावेच्या गावे ओस पडली, तेव्हा खेळही मोडकळीस आला. तो सावरला १ नोव्हेंबर १८८४ रोजी. थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मायकेल क्युसॅक या शिक्षकाच्या आणि मॉरिस डॅव्हिन या खेळाडूच्या पुढाकाराने मोजकी माणसे जमली आणि त्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था काढली. इंग्रजांच्या खेळांऐवजी आपले खेळ, आपले नियम आणि आपली गावे, असा तो बाणा होता. तीन वर्षांत कॉर्कची जिल्हा स्पर्धा उभी राहिली. पहिली जिंकली ब्लॅकरॉक या क्लबाने.

सुरुवातीच्या काळात विजेत्या क्लबानेच जिल्ह्याचे नाव लावून अखिल आयर्लंडच्या स्पर्धेत उतरायचे असे. म्हणून १८९० साली ॲघाबुलोग या लहानशा खेड्याचा संघ कॉर्क म्हणून अंतिम सामन्यात उभा राहिला. समोर वेक्सफर्ड. कॉर्कचा एक गोल आणि सहा गुण. वेक्सफर्डचे दोन गोल आणि दोन गुण. आजच्या हिशेबाने नऊ विरुद्ध आठ, म्हणजे कॉर्क पुढे. पण त्या वेळी नियम असा की, एक गोल कितीही गुणांना भारी. म्हणजे कॉर्क मागे! सामना दांडगाईवर आला, तेव्हा कॉर्कचा कप्तान आपले गडी घेऊन मैदानाबाहेर गेला. पुढे मध्यवर्ती मंडळाने विजेतेपद कॉर्कला दिले. दोनच वर्षांनी, १८९२ साली, गोलाची किंमत पाच गुण ठरली आणि १८९६ साली ती तीनवर आली, ती आजतागायत. संघातले गडीही एकवीसवरून सतरावर आणि १९१३ साली पंधरावर आले.

जिल्ह्याची यादी पुढे सरकते तशी तीन नावे तिला व्यापून टाकतात. तिन्ही कॉर्क शहराची. ली नदीकाठच्या एका जुन्या कोळीवस्तीचे ब्लॅकरॉक. शहराच्या दक्षिण अंगाचे सेंट फिनबार्स, जे १८७६ पासूनचे, म्हणजे मातृसंस्थेपेक्षाही वडील. आणि उत्तरेकडच्या ब्लॅकपूल या कामकऱ्यांच्या वस्तीतले ग्लेन रोव्हर्स. २०२४ पर्यंतच्या नोंदीप्रमाणे ब्लॅकरॉकची विजेतेपदे तेहतीस, ग्लेनची सत्तावीस आणि फिनबार्सची सव्वीस. नदीचा काठ बदलला की निष्ठा बदलते. सोयरीक जुळवताना पलीकडच्या काठाचा विचार होत नसेल, असे छातीठोकपणे सांगवत नाही.

ग्लेन रोव्हर्सचा जन्म १९१६ चा. हे साल आपल्यालाही ओळखीचे आहे. त्या वर्षीच्या एप्रिलात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला, आणि त्याच एप्रिलच्या अखेरीस बेळगावास लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली. 'होमरूल' हा शब्दच मुळी आपण आयर्लंडकडून घेतला होता. ब्लॅकपूल वस्तीतच मार्च १९२० मध्ये कॉर्कचे महापौर टॉमास मॅक कर्टन यांना त्यांच्या राहत्या घरात गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या जागी आलेले टेरेन्स मॅकस्विनी यांना अटक झाली. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात त्यांनी अन्नत्याग केला आणि ७४ दिवसांनी, २५ ऑक्टोबर १९२० रोजी, देह ठेवला. नऊ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास याच मार्गाने गेले, तेव्हा मॅकस्विनींच्या घरच्यांनी हिंदुस्थानला तारेने सांत्वन पाठविले. नोव्हेंबर १९२० मध्ये तर डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर गेलिक फुटबॉलचा सामना चालू असता सरकारी शिपायांनी गोळीबार केला आणि चौदा माणसे मेली. त्यांतला एक खेळाडू होता. जालियनवाला बागेला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. हे ध्यानात घेतले म्हणजे आयरिश माणूस या खेळाकडे नुसता खेळ म्हणून का पाहत नाही, ते उमगते.

त्याच १९२० च्या ऑक्टोबर महिन्यात, कॉर्कच्या पूर्वेकडील क्लॉइन गावात, क्रिस्टी रिंगचा जन्म झाला.

इकडे ग्लेन रोव्हर्सने १९३४ साली आपले पहिले जिल्हा अजिंक्यपद मिळवले, आणि मग जणू सांगितले की, ही ढाल आता आमच्याच खुंटीला राहील. १९३४ ते १९४१, ओळीने आठ वर्षे! या संघातला एक गडी जॅक लिंच. तो पुढे देशाचा पंतप्रधान झाला. १९४१ ते १९४६ या सहा वर्षांत त्याने दर वर्षी एक अखिल आयर्लंड पदक मिळवले, पाच हर्लिंगचे आणि एक फुटबॉलचे. आठवे विजेतेपद आले त्या १९४१ सालीच एक वीस वर्षांचा पोरगा क्लॉइन सोडून ग्लेनच्या संघात आला होता. तो रिंग.

त्याने ग्लेनकडून जिल्ह्याची चौदा पदके मिळवली. पहिले १९४१ चे. शेवटचे १९६७ चे, तेव्हा त्याची पंचेचाळिशी उलटली होती. कॉर्ककडून आठ अखिल आयर्लंड पदके, तीनदा कप्तान म्हणून. आणि एवढे सारे करून त्याचा चरितार्थ? तो लॉरी हाकीत असे. पुढे तेलाचा टँकर. कारण या खेळात पैसा नाही. पूर्वी नव्हता, आजही नाही. रविवारी हजारो लोक ज्याच्या नावाने ओरडतात, तो सोमवारी सकाळी शाळेत गणित शिकवतो, नाहीतर गाईंच्या धारा काढतो.

पण या पदकांत क्लॉइनच्या नावाचे एकही नाही. गावाने मुलगा दिला. ढाल शहरात गेली. गावाला याचे दुःख झाले असेल का? झालेच असेल. मुलगी सासरी गेली आणि तिने त्या घराचा उत्कर्ष केला, तर माहेरच्या माणसांना जो अभिमान वाटतो, त्यात एक बारीकशी कळ असतेच. २ मार्च १९७९ रोजी रिंग गेला. त्याला मूठमाती दिली ती मात्र क्लॉइनमध्ये, आणि अंत्यविधीचे भाषण केले ते ग्लेनच्या जुन्या सोबत्याने, म्हणजे तेव्हाच्या पंतप्रधानाने, जॅक लिंचने.

शहरी क्लबांचे वैभव त्या सुमारास शिगेला पोचले होते. १९७१ पासून साऱ्या आयर्लंडच्या क्लबांचीही स्पर्धा सुरू झाली, आणि पहिल्या नऊंपैकी सात वेळा ती कॉर्कच्या याच त्रिकुटाने जिंकली. १९७७ च्या जिल्हा अंतिम सामन्यात फिनबार्सने ग्लेनला हरवले, तेव्हा पाहणारे चौतीस हजारांहून अधिक होते. लक्षात घ्या, एकाच शहरातले दोन क्लब आणि चौतीस हजार माणसे!

पुढे वारे फिरले. शहराच्या मधल्या वस्त्या विरळ होत गेल्या, तरुण संसार बाहेर सरकले, आणि यादीत खेड्यांची व तालुक्यांची नावे येऊ लागली. कॉर्कमध्ये एक शहाणी सोय आहे: लहान क्लबांतले चांगले गडी निवडून प्रत्येक विभागाचा एक संघ उतरवता येतो. अशा संघांनी १९९४ ते १९९८ या पाच वर्षांत चारदा ढाल नेली. २००० साली न्यूटाउनशँड्रम या चिमुकल्या गावाने पहिल्यांदा जिल्हा जिंकला आणि काही वर्षांत ते साऱ्या आयर्लंडचे विजेते झाले. तेव्हा क्लॉइनमध्येही कोणाच्या तरी मनात आले असणारच, मग आपण का नाही?

२००४ साली क्लॉइन अंतिम सामन्यात पोचले. संघात डोनल ओग क्युसॅक आणि डिअरमुड ओ'सुलिव्हन हे दोघे होते. पहिला कॉर्कचा गोलरक्षक, दुसरा त्याच्या पुढचा बुरूज, आणि दोघेही त्याच वर्षीचे अखिल आयर्लंड विजेते. क्लॉइन हरले. २००५ साली पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार. २००६ साली तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदाही तेच. तीन वर्षांत तीन निरनिराळे संघ त्यांच्यासमोरून ढाल घेऊन गेले. यादीत त्या तीन वर्षांपुढे ना पिअरसी, न्यूटाउनशँड्रम आणि एरिन्स ओन अशी नावे आहेत. क्लॉइनला तेथे जागा नाही. यादीत हरणाऱ्याचा रकाना नसतो.

याच क्लॉइनमध्ये १७३४ ते १७५२ पर्यंत जॉर्ज बर्कले नावाचा बिशप राहत होता. कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलेल्यांना हे नाव आठवेल. वस्तूचे असणे म्हणजे कोणाच्या तरी जाणिवेत असणे, असे त्याचे सुप्रसिद्ध मत. परीक्षेपुरते पाठ करताना ते मत फार चमत्कारिक वाटते. परंतु क्लॉइनच्या संदर्भात ते मला एकदम पटते. त्या तीन सामन्यांची नोंद जेत्यांच्या यादीत नसेल. पण गावातल्या प्रत्येक घराच्या जाणिवेत ते आहेत. कोणता फटका कोठून गेला, कोणता चेंडू खांबाला वीतभर चुकला, हे तेथल्या म्हाताऱ्यांना विचारा!

२०२० साली महामारीच्या काळात जिल्ह्याचा अंतिम सामना जवळजवळ रिकाम्या मैदानात झाला. ब्लॅकरॉकने ग्लेनला हरवले. तेच ते तेहतिसावे विजेतेपद. चौतीस हजारांची गर्दी कोठे आणि ते सुने कठडे कोठे. यादीत मात्र दोन्ही वर्षांच्या ओळी सारख्याच लांबीच्या आहेत.

२०१८ साली युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. ठीकच झाले. पण वारसा कागदावर राहत नाही. क्लॉइनच्या रस्त्यावर रिंगचा पुतळा उभा आहे. त्याच्याजवळून एखादे पोर शाळेत जाताना हातातली काठी फिरवीत, चेंडू उडवीत जाते. त्याला पगार मिळणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. आपले गाव आजवर जिंकलेले नाही, हेही ठाऊक आहे. तरी ऑक्टोबर आला की तेही विचारते, "यंदा कोण?" आणि त्याचे उत्तर त्याने मनाशी केव्हाच ठरवलेले असते.