बुटाच्या नाडीची पाच हजार वर्षे

पावसाळ्यात मुलांना घेऊन गड उतरताना मागून दोन प्रकारच्या हाका येतात. "सर, नाडी तुटली" ही एक आणि "सर, नाडी सुटली" ही दुसरी. पहिलीवर उपाय चटकन सापडतो. दुसरी हाक क्षुल्लक वाटते, पण आमच्या अनुभवात जास्त धोक्याची तीच ठरली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याबरोबर आलेल्या एका मुलाचा पाय ओल्या पायऱ्यांवर त्याच्याच सुटलेल्या नाडीवर पडला आणि मनगट मोडले. त्याची नाडी जुनी नव्हती. चांगली गोल, चकचकीत, नवी कोरी नायलॉनची होती, आणि त्या सकाळी दोनदा बांधूनही झाली होती. मजबूत नाडी कच्च्या नाडीपेक्षा लवकर का सुटावी? उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते.

आर्मेनियातील अरेनी गावाजवळच्या गुहेत २००८ साली एक चामड्याचा जोडा मिळाला. त्याच्यावरचे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जोडा सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीचा, गाईच्या कातड्याच्या एकाच तुकड्याचा आहे. पुढच्या बाजूला ओळीने भोके आणि त्यांतून ओवलेली चामड्याची वादी! आत गवत भरलेले होते. गुहेतील कोरडी, थंड हवा आणि वर साचलेला शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचा थर यांमुळे तो टिकला.

दुसरा पुरावा आल्प्समधला. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया-इटली सरहद्दीवर बर्फातून वर आलेला एक मृतदेह दोन गिर्यारोहकांना दिसला. हा माणूस पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. आज जग त्याला ओट्झी म्हणून ओळखते. त्याच्या बुटाचा तळ अस्वलाच्या कातड्याचा, आत लिंडन झाडाच्या अंतर्सालीच्या दोरांची जाळी आणि त्या जाळीने धरून ठेवलेले वाळके गवत. २०१६ मध्ये त्याच्या कपड्यांचे डीएनए तपासले गेले. टोपी अस्वलाची, बाणांचा भाता हरणाचा, अंगरख्यात शेळी आणि मेंढी, तर बुटाची वादी गाईबैलाच्या कातड्याची निघाली. ज्या कामाला जे चालते ते घ्यायचे, हे शहाणपण त्याच्या अंगाखांद्यावर दिसते. त्याने वादीसाठी हेच कातडे मुद्दाम निवडले असावे, असे आम्हाला वाटते.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत "बुटाच्या नाडीचा शोध १७९० साली इंग्लंडमध्ये हार्वे केनेडी यांनी लावला" असे वाक्य आढळते. मुलांनी ते वाचून दाखवले तर अरेनीचा जोडा पुढे करावा.

चामड्याची वादी पुष्कळ काळ टिकली, पण तिचा एक दोष गेला नाही. ओली झाली की ती ताणते आणि वाळली की आखडून कडक होते. सकाळी घट्ट बांधलेला बूट ओढा ओलांडताच ढिला होतो. सुती नाडीचे उलट असते. कापसाचा तंतू ओला झाला की उलट थोडा अधिक बळकट होतो. मात्र तो पाणी पितो, फुगतो, आणि तसाच ओला ठेवला तर बुरशी त्याला खाते. कोकणातल्या घरात पावसाळाभर कोपऱ्यात पडलेल्या कॅनव्हासच्या बुटांची नाडी हाताने ओढली तरी तुटते, ती यामुळेच.

सुताची नाडी स्वस्त झाली ती यंत्रावर गोफ विणता येऊ लागला तेव्हा. या धंद्याचे जर्मनीतील बार्मेन हे मोठे केंद्र होते. हे यंत्र कसे चालते ते समजवायला आकृतीची गरज नाही. शिमग्यात गोव्यात आणि कोकणात होणारा गोफ नाच आठवावा. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्या धरून नाचणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरतात आणि वर वेणी तयार होते. यंत्रात माणसांच्या जागी धाग्यांच्या रिळा नागमोडी खाचांतून तशाच फिरतात. फरक एवढाच, की नाचणारे उलटे फिरून गोफ सोडवतात. यंत्राला ते करण्याचे कारण नसते.

खरा पालट विसाव्या शतकातला. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा तंतू बनवला. दुसऱ्या महायुद्धानंतर गिर्यारोहकांचे दोर नायलॉनचे झाले. १९५३ मध्ये जर्मनीतील एडेलरिड कंपनीने आत भार घेणारा गाभा आणि वर विणलेले आवरण असा दोर आणला. आजच्या डोंगरी बुटांच्या अनेक गोल नाड्या म्हणजे या दोराचीच धाकटी भावंडे.

बुटाचे कातडे मात्र मागेच राहिले होते. त्याच वर्षी, २९ मे १९५३ च्या पहाटे, एव्हरेस्टवरच्या शेवटच्या तंबूत हिलरींना आपले बूट लाकडासारखे गोठलेले आढळले, कारण त्यांनी ते रात्री काढून ठेवले होते. स्टोव्हवर शेकून मऊ केल्यावरच ते पायांत शिरले. तेनसिंगनी बूट काढलेच नव्हते!

तंतू बदलला, पण गाठ बदलली नाही. ग्रीक लोक जिला हेराक्लीजची गाठ म्हणत, तिने बांधलेली जखम लवकर भरते असे रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे. हीच गाठ आजही स्काउटच्या मुलांना प्रथमोपचाराची झोळी बांधायला शिकवतात, रीफ नॉट या नावाने. मराठीत दोन छान शब्द आहेत. निरगाठ म्हणजे जी सोडवताना नखे दुखतात ती, आणि सुरगाठ म्हणजे एक टोक ओढताच सुटते ती. बुटाला आपण सुरगाठ मारतो. नीट मारली तर ती रीफ नॉटच असते, फक्त दुसऱ्या पेचात टोकांऐवजी फासे ओवलेले असतात.

आणि गाठ धरून ठेवते ते घर्षण. अठराव्या शतकात ऑयलरने खुंट्याभोवती गुंडाळलेल्या दोराचे गणित मांडले. प्रत्येक वेढ्यागणिक ताण पेलण्याची क्षमता बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ असेल तर दोन पूर्ण वेढ्यांमुळे एका टोकाच्या लहानशा ओढीने दुसऱ्या टोकाची सुमारे ४३ पट ओढ पेलता येते. घर्षणांक ०.२ वर आला की हाच आकडा सुमारे १२ होतो. म्हणजे घर्षण एक तृतीयांशाने घटले आणि पकड एक चतुर्थांशाच्या आसपास उरली. बुटाची गाठ म्हणजे खुंटा नव्हे, पण दिशा तीच. खरबरीत सुती नाडी तुटायची, पण गाठ धरून राहायची. गुळगुळीत नायलॉन तुटत नाही, सुटते. मजबुती मिळाली, तिची किंमत आपण घर्षणात मोजली.

गाठ सुटते कशी, हे २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात डेली-डायमंड, ग्रेग आणि ओ'रायली यांनी तपासले. धावणाऱ्या बुटाचे सेकंदाला ९०० चित्रे या वेगाने चित्रण केले. पाय जमिनीवर आपटताना गाठीला गुरुत्वत्वरणाच्या सातपटीएवढा झटका बसतो आणि ती सैलावते. त्याच वेळी हेलकावणारी मोकळी टोके चाबकासारखी बाहेर ओढ घेतात. नुसते आपटून किंवा नुसते हेलकावून गाठ सहसा सुटत नाही. दोन्ही एकत्र लागतात. गंमत म्हणजे बराच वेळ काहीच घडत नाही, आणि एकदा घसरण सुरू झाली की दोन पावलांत गाठ मोकळी होते. म्हणूनच "आत्ता तर बांधली होती" ही मुलांची तक्रार खोटी नसते.

याच प्रयोगात रीफ नॉटपेक्षा ग्रॅनी नॉट, म्हणजे दोन्ही पेच एकाच दिशेचे असलेली गाठ, फार लवकर सुटली. आपण कोणती मारतो ते ओळखणे सोपे आहे. फासे बुटावर आडवे, डावी-उजवीकडे बसले तर गाठ बरोबर. ते घोटा आणि बोटांच्या दिशेने उभे वळले तर ग्रॅनी. मग पहिला पेच उलट दिशेने घ्यायचा. चाळिशी उलटून गेल्यावर आमच्यापैकी दोघांना कळले, की आपण जन्मभर ग्रॅनी मारत आलो!

नाडी घेताना आता काय पाहावे? पॉलिएस्टर बरे. नायलॉन ओले झाल्यावर थोडे ताणते आणि त्याचे बळही काहीसे कमी होते. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी घेत नाही. विणकर खडबडीत किंवा चपटी नाडी पकड चांगली देते. गोल नाडी हुकांतून सहज सरकते, म्हणून उंच बुटांना सोयीची; ती घेतली तर पहिल्या पेचात टोक एकदा जास्त गुंडाळावे. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या शोधातून आलेल्या केवलारच्या नाड्याही मिळतात. ओढीला त्या अचाट आहेत, पण ऊन आणि वारंवार मुडपणे त्यांना मानवत नाही. आम्ही त्यांच्या वाटेला जात नाही. लांबी जुनी नाडी मोजूनच ठरवावी. फार लांब टोके म्हणजे हेलकाव्याला जास्त वस्तुमान.

ओवण्याचाही अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रेलियातील गणिती बर्कार्ड पोल्स्टर यांनी २००२ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले, की नेहमीची फुलीची आणि आडव्या पट्ट्यांची ओवण ओढून घट्ट करायला सर्वांत बळकट. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गणिताशिवाय हेच केले होते.

नाडी तुटते ती बहुधा भोकाच्या किंवा हुकाच्या कडेवर, जिथे ती रोज त्याच जागी वाकते. सह्याद्रीच्या चिखलातली बारीक रेती विणीत शिरली की प्रत्येक पावलाला तंतू कापत राहते. सहलीहून आल्यावर नाडी बुटातून पूर्ण काढावी, कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवावी, सावलीत वाळवावी, चुलीजवळ नाही. परत ओवताना कडेवर येणारी जागा बोटभर सरकवावी. आवरण फाटून आतला पांढरा गाभा दिसू लागला की ती नाडी बदलावी. टोकाचे टोपण निघाले असेल तर कृत्रिम तंतूचे टोक मेणबत्तीवर जरा वितळवून ओल्या फडक्यात दाबावे. हे काम मोठ्यांनी करावे.

वर्गात करून पाहायला एक प्रयोग. टेबलाच्या गोल, रंगवलेल्या पायाला एक सुती आणि एक नायलॉनची नाडी दोन-दोन वेढे देऊन गुंडाळावी. प्रत्येकीच्या एका टोकाला खोडरबर बांधावे, दुसऱ्या टोकाला पिशवी, आणि नाडी घसरेपर्यंत पिशवीत एकेक गोटी टाकत जावी. गोट्या मुलांनाच मोजू द्याव्यात. नंतर दोन्ही नाड्या भिजवून पुन्हा मोजाव्यात.