कोंबडी, कोल्हा आणि उंबरठा

चाकणचें नांव निघालें कीं सुशिक्षित वाचकास इ. स. १६६० आठवतें. शाइस्ताखानाच्या प्रचंड सैन्यापुढें फिरंगोजी नरसाळ्यानें संग्रामदुर्गाचा लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढविला, ही हकीकत आम्ही शाळेपासून ऐकत आलों आहों. परंतु त्याच चाकणच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर दुसरा एक वेढा पिढ्यान्पिढ्या रोज रात्रीं पडत असे. त्याची बखर कोणीं लिहिली नाहीं. कारण वेढा घालणारा कोल्हा होता, आणि किल्ला लढविणारी एखादी कुणब्याची बायको होती.

न लिहिण्यास आणखी एक कारण आहे, व तें लेखणी चालविणाऱ्या वर्गास फारसें भूषणावह नाहीं. मनुस्मृतीनें द्विजांस गांवकोंबडें वर्ज्य सांगितलें, आणि लेखणी बहुधा त्यांच्याच हातीं राहिली. ज्या प्राण्यास अंगणांत मज्जाव, त्यास दप्तरांत जागा कोठून मिळणार? म्हणून कोंबडीचा इतिहास कागदांपेक्षां खुराडें, डालगें, खुडूक, रवण अशा शब्दांत व घराच्या रचनेंत शोधावा लागतो.

कोंबडीस अंधारांत नीट दिसत नाहीं. दिवेलागण झाली कीं ती उंच जागा शोधते, आणि झाडाच्या फांदीवर बसली तर कोल्ह्याच्या आवाक्याबाहेर राहते. खरा धोका ती खुडूक झाल्यावर. मग ती एकवीस दिवस जमिनीलगत अंड्यांवर बसणार आणि दाणापाण्यापुरतीच उठणार. कोल्हा, मुंगूस, रानमांजर यांस याहून सोपें भक्ष्य कोणतें? म्हणून रवण घरांत आली. पाटींत भुसा पसरून, एका कोंबडीच्या पंखांखालीं मावतील तितकीं दहाबारा अंडीं ठेवावयाचीं आणि पाटी माजघराच्या कोपऱ्यांत लावावयाची. पिलें निघालीं कीं दिवसां घारीच्या व रात्रीं कोल्ह्याच्या भयानें तीं डालग्याखालीं झांकावयाचीं. कोल्हा कुडाखालून उकरून आंत शिरतो. म्हणून खुराड्याच्या तळाशीं फरशी आणि तोंडाशीं धोंडा. उंबरठा हीच तटबंदी होती, व तिच्या आंत मावतील तितक्याच कोंबड्या पाळतां येत. घरांतील कोंबड्यांची संख्या अशा रीतीनें कोल्ह्यानें ठरविली. एखाद्या रात्रीं धोंडा सरकवावयाचा राहिला, तर घरधनिणीच्या मीठमिरचीचे पैसेच जात.

आरोपीविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपला कोल्हा म्हणजे इंग्रजांचा जॅकल. त्यांच्या फॉक्सचा आपल्याकडील भाऊबंद तो खोकड. मराठी इसापनीतींत मात्र, जिचें एक पुस्तक सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं काढलें, फॉक्सचा कोल्हा होऊन बसला. पंचतंत्रांतील करटक व दमनक यांनीं धूर्तपणाची गादी त्याच्यासाठीं आधींच तयार ठेवली होती. काळ्या टोंकाच्या शेपटीचें खोकड बहुतांशीं किडे, उंदीर, सरडे व बोरें यांवर जगतें. कोंबडीचोरीचा बराचसा आळ त्याच्यावर फुकट आलेला असावा.

हा वेढा उठला कसा? कोंबडीवांचून अंडीं उबविण्याची विद्या जुनी आहे. मिसर देशांतील प्रकार ॲरिस्टॉटलास ठाऊक होता, आणि फ्रान्समध्यें रेओम्यूरनें १७४९ सालीं त्या विषयावर ग्रंथच लिहिला. आपल्या भागांत खडकीस सरकारी उबवणी केंद्र निघालें, डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं स्थापिलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजनें पुढें पुण्यास या धंद्याचें मोठें ठाणें केलें. पंखांच्या उबेची जागा साडेसदतीस अंशांच्या यंत्रानें घेतली, आणि अंड्यांसाठीं पाळलेल्या जातींतून खुडूक होण्याची खोडच निवडीनें घालविण्यांत आली. इकडे पिंपरीस १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्यें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि १९७० ची नगरपालिका १९८२ मध्यें महानगरपालिका झाली. मागाहून चाकणचा माळही कारखान्यांखालीं गेला. कोल्हा हटला, आतां १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा त्यालाच आश्रय आहे.

यांत एक नवल आहे. आजच्या कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचा गुण राखी रानकोंबड्याकडून आला, असें २००८ च्या एका संशोधनांत दिसून आलें. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. परंतु हा राखी भाऊबंद आपल्या सह्याद्रींतला. चाकणच्या वायव्येस भीमाशंकराच्या रानांत तो आजही आरवतो. सातासमुद्रांपलीकडील यंत्रांतून निघालेल्या पिलांच्याही पायांवर आपल्या डोंगराची खूण आहे!

संग्रामदुर्गाचे तट आज पडके आहेत, तरी त्यांची हकीकत लिहिलेली आहे. उंबरठ्याआडच्या लढाईचें तसें नाहीं. रवण केव्हां घालावी, कोणतें अंडें वगळावें, खुडूक कोंबडीस शांत कसें ठेवावें, हें जाणणाऱ्या म्हाताऱ्या या कारखान्यांच्या आसपासच्या गांवांत अद्याप आहेत. त्यांच्याजवळ बसून तें ज्ञान कोणी उतरून घेईल, तर कागदांतून सुटलेलें इतिहासाचें एक पान तरी हातीं लागेल. आम्हां लेखणीवाल्यांकडे तेवढें देणें निघतें.