वजनघट शस्त्रक्रियेनंतरचे गरोदरपण : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

वजन घटविण्यासाठी जठराचा बायपास अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये केला. त्यानंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, हा संकेत पुढे रूढ झाला. भंडाऱ्यासारख्या भातपिकाच्या जिल्ह्यातील प्रसूतिपूर्व सेवा मात्र कुपोषणाशी झगडत घडली. १९७० च्या राष्ट्रीय कार्यक्रमातून आलेली लोह व फॉलिक ॲसिडची गोळी हे तिचे प्रमुख साधन होय. बायपासनंतर ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. अशा वेळी केवळ फॉलिक ॲसिडने रक्तक्षय झाकला जातो, मज्जातंतूंची हानी चालूच राहते. मधुमेह तपासणीसाठी दिले जाणारे ७५ ग्रॅम ग्लुकोजही अशा गर्भवतीस सोसत नाही. घाम फुटतो, घेरी येते. नागपुरात झालेली शस्त्रक्रिया गावच्या उपकेंद्रातील कार्डावर नोंदविलेली नसेल, तर परिचारिकेस हे कळणार कसे?