निकालाप्रमाणे अनुदान : मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांच्या जबाबदारीचा प्रश्न

प्राथमिक शाळांवर खर्च होणाऱ्या सार्वजनिक पैशाचा हिशेब कोणी, कोणाला आणि कशाच्या आधारे द्यावयाचा, हा प्रश्न आजकाल नव्याने उपस्थित झाल्यासारखा वाटतो. वस्तुतः आपल्याकडे तो शासकीय शिक्षणखात्याइतकाच जुना आहे. या प्रश्नाचा मुंबई इलाख्यातील, व विशेषतः पुण्याशी संबंध असलेला, इतिहास थोडक्यात मांडून त्यातून निघणाऱ्या एका मुद्द्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रारंभी दोन शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. ‘जबाबदारी’ हा शब्द फारसीतून आलेल्या ‘जबाब’ शब्दावरून सिद्ध झाला असून ‘उत्तरदायित्व’ हा त्याचाच संस्कृत पेहराव होय. दोहोंतही विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोन पक्ष गृहीत आहेत. ‘निकाल’ या शब्दाचा व्यवहार मात्र निराळा आहे. न्यायालयाच्या निर्णयालाही मराठीत निकाल म्हणतात आणि परीक्षेच्या फलितालाही निकालच म्हणतात. त्यामुळे शाळेचा निकाल कमी लागला असे म्हणताच तिच्याविरुद्ध निर्णय झाला, असा ध्वनी त्यातून आपोआप उमटतो. हा केवळ शब्दाचा खेळ नव्हे. एकोणिसाव्या शतकातील अनुदानपद्धतीने नेमका हाच घोटाळा व्यवहारात केला.

२

१८५४ च्या वुडच्या खलित्यान्वये १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले आणि खाजगी शाळांना सरकारी साहाय्य देण्याचे तत्त्व मान्य झाले. साहाय्य द्यावयाचे, तर ते कशाच्या मापाने? याचे तयार उत्तर इंग्लंडमधून आले. तेथे रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये जे सुधारित नियम अमलात आले, त्यांनुसार प्रत्येक मुलामागे मिळणाऱ्या १२ शिलिंगांपैकी ४ शिलिंग हजेरीवर आणि ८ शिलिंग वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेवर अवलंबून ठेवण्यात आले. मूल एका विषयात नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. स्वतः शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नल्ड यांनी या पद्धतीस कडाडून विरोध केला. शिक्षण यांत्रिक होते आणि तपासनीस हा मार्गदर्शक न राहता केवळ मोजणीदार होतो, हा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता.

१८६० ते १८७० या दशकात हेच तत्त्व मुंबई इलाख्याच्या अनुदाननियमांत शिरले. त्याच्या पुरस्कर्त्यांची बाजू अगदीच लंगडी होती असे म्हणता येणार नाही. शाळा कागदावर चालते की प्रत्यक्षात, हे कळण्याचे दुसरे साधन खात्यापाशी फारसे नव्हते. शिवाय या पद्धतीत खाजगी शाळांच्या अंतर्गत कारभारात सरकारला कमी हात घालावा लागे. फळ दाखवा आणि पैसा घ्या, हा व्यवहार सोपा व निःपक्षपाती भासत होता.

३

लॉर्ड रिपन यांनी ३ फेब्रुवारी १८८२ रोजी हंटर आयोग नेमला, तेव्हा या पद्धतीचा विचार अपरिहार्यपणे पुढे आला. आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे इंग्रजी निवेदन पुण्याहून जोतीराव फुले यांनी सादर केले. शेतकऱ्यांच्या श्रमातून उभा राहणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणाकडे वळतो, हा त्यातील मुख्य आरोप सर्वपरिचित आहे. परंतु शाळांच्या तपासणीविषयी व अनुदानाविषयी त्यांनी जे लिहिले आहे, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

फुल्यांची तपासणीस हरकत नव्हती. उलट ती अपुरी आहे अशी त्यांची तक्रार होती. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा शाळेत येऊन काही साधत नाही. तपासणी निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी, आणि एरवीही अधिकाऱ्याने पूर्वसूचना न देता शाळेस भेट द्यावी, असे त्यांनी सुचविले. जे शिक्षक पुष्कळ मुले पास करून दाखवितात, त्यांना पगाराव्यतिरिक्त काही खास भत्ता द्यावा, असेही त्यांचे मत होते. असे असूनही निकालाप्रमाणे अनुदान देण्याची पद्धत गरीब व अशिक्षित समाजाला उपयोगी नाही, असे त्यांनी स्पष्टपणे नमूद केले. त्यांचे कारण असे की, ज्या लोकांत विद्येची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नाही, त्यांच्यात स्वतःच्या जोखमीवर शाळा काढण्यास कोणीही शिक्षक धजणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही. म्हणून ती गोडी उत्पन्न होईपर्यंत तेथे सरकारी शाळा आणि खास उत्तेजन यांचीच आवश्यकता आहे.

या दोन मतांत वरवर पाहता विसंगती दिसेल. परंतु ती खरी नव्हे. निश्चित वेतनावर मिळणारा भत्ता आणि निकालावर टांगलेले वेतन यांत मूलभूत भेद आहे. पहिल्यात शिक्षकाच्या परिश्रमाचे कौतुक आहे. दुसऱ्यात विद्यार्थ्याच्या दारिद्र्याचा दंड शाळेस भरावा लागतो. शेतीच्या कामामुळे ज्याची हजेरी तुटते, ज्याच्या घरी अक्षरओळख नाही, असा मुलगा या पद्धतीत शाळेच्या दृष्टीने तोट्याचा सौदा ठरतो. मग त्याला शिकविण्यापेक्षा टाळणेच शाळेला परवडते. ज्यांच्यासाठी पैसा सर्वांत आधी पोचावयास हवा, त्यांच्यापासूनच तो दूर राहतो. फुल्यांच्या आक्षेपाचे मर्म येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आयोगाने मात्र देशी प्राथमिक शाळांपुरती ही पद्धत उचलून धरली. अखेर लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीतील मार्च १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने तिचा त्याग केला. इंग्लंडमध्ये ती त्यापूर्वीच मोडीत निघाली होती.

४

पद्धत गेली, तरी प्रश्न गेला नाही. तो शाळेवरून स्थानिक संस्थांकडे सरकला. हंटर आयोगाच्या शिफारशींप्रमाणे व १८८४ च्या स्थानिक मंडळांच्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्याकडे आला. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने तो आणखी विस्तारला. तपासणी मात्र खात्याकडेच राहिली. शाळा चालविणारा एक आणि तिचे गुणदोष पाहणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. १९२९ च्या हार्टोग समितीने या विकेंद्रीकरणावर टीका केली. १९२२–२३ मध्ये पहिल्या इयत्तेत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५–२६ मध्ये चौथीत केवळ १८ च आढळतात, हे तिने दाखवून दिले. ‘गळती’ आणि ‘स्थगन’ या संज्ञा तेव्हापासून शिक्षणचर्चेत रूढ झाल्या.

मोजणी अचूक असली, तरी तिच्यावरून काढलेला निष्कर्ष वादग्रस्त होता. प्रसारापेक्षा असलेल्या शाळांच्या दृढीकरणावर समितीने भर दिला. रा. वि. परुळेकर यांनी या भूमिकेस समर्थपणे विरोध केला. गुणवत्तेच्या नावाखाली प्रसार थांबविणे म्हणजे निरक्षरांनाच वाट पाहावयास लावणे होय, ही त्यांची दृष्टी होती. कमी निकालाचा अर्थ कमी साहाय्य असा लावण्याची प्रवृत्ती किती चिवट असते, हे यावरून दिसून येते. पुढे १९३८ च्या दुरुस्तीने, १९४७ च्या नव्या कायद्याने आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर अधिकारांची वाटणी पुनःपुन्हा बदलली. परंतु निकाल उतरला असता प्रथम उत्तर कोणी द्यावयाचे, याचा निर्णय कोणत्याच कायद्याने निःसंदिग्धपणे केला नाही.

५

आजची साधने अधिक सूक्ष्म आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेच्या इमारतीपासून शिक्षकसंख्येपर्यंतचे निकष शासनावर व संस्थांवर बंधनकारक केले. महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. केंद्र सरकारने २०२२ पासून जिल्ह्यांचेही श्रेणीनिर्देशांक प्रसिद्ध केले. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने परीक्षांतील प्रगती अपुरी असणाऱ्या शाळांवर क्रमाक्रमाने कडक उपाय योजण्याची तरतूद केली होती. २०१५ च्या कायद्याने ती चौकट बदलून बरेच अधिकार राज्यांकडे परत दिले. लो यांच्या नियमांचा इतिहास तेथे वेगळ्या वेषात पुन्हा घडला, असे म्हणण्यास हरकत नाही.

मोजणी करू नये, असा या विवेचनाचा अर्थ नाही. पूर्वसूचनेवाचून तपासणी मागणाऱ्या फुल्यांचा दाखला त्याविरुद्धच जाईल. परंतु मोजणी ही चौकशीची सुरुवात आहे, निवाडा नव्हे. एखाद्या तालुक्यातील मुले वाचू शकत नाहीत, हे कळल्यावर पहिला प्रश्न शिक्षकास विचारावा, हे योग्यच; पण दुसरा प्रश्न, त्या शाळेस पुरेसे शिक्षक, पुस्तके व पैसा पोचला होता काय, हा आहे; आणि त्याचा जबाब अनुदान देणाऱ्यानेच दिला पाहिजे. १८८२ मध्ये पुण्यातून हा दुसरा प्रश्न विचारला गेला होता. जिल्ह्यांच्या श्रेणी लावताना तो आजही तितक्याच आग्रहाने विचारावा लागेल.