परदेशस्थ जोडीदाराकडून अंतरिम पोटगी (भारतीय कायदा)

अंतरिम पोटगी म्हणजे वैवाहिक दावा किंवा पोटगीचा मूळ अर्ज निकाली निघेपर्यंत गरजू जोडीदाराच्या व अल्पवयीन मुलांच्या निर्वाहासाठी न्यायालयाने मंजूर केलेली तात्पुरती मासिक रक्कम होय. दावा अनेक वर्षे चालू शकतो. त्या काळात घरभाडे, अन्न, औषधे आणि शाळेची फी यांचा खर्च थांबत नाही, हा या तरतुदीमागील विचार आहे. पोटगी देणारी व्यक्ती परदेशात राहत असली, तरी भारतीय न्यायालय तिच्याविरुद्ध असा आदेश देऊ शकते. मात्र समन्स बजावणे, उत्पन्न निश्चित करणे आणि रक्कम वसूल करणे या तीन टप्प्यांवर विशेष अडचणी येतात.

कायदेशीर आधार

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २४ नुसार पती किंवा पत्नी यांपैकी कोणीही दाव्याच्या काळातील निर्वाहखर्च व दाव्याचा खर्च मागू शकते. मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयीचे अंतरिम आदेश कलम २६ खाली दिले जातात. सर्व धर्मांतील पत्नी, मुले व आईवडील यांच्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ मध्ये तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ ने घेतली. २००१ च्या दुरुस्तीने कलम १२५ मधील दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा रद्द झाली आणि अंतरिम पोटगीचा स्पष्ट उल्लेख आला. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा, अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २० व २३ खालीही आर्थिक साहाय्याचा अंतरिम आदेश मिळू शकतो.

अधिकारक्षेत्र व समन्स

प्रतिवादी परदेशात असल्यास अर्जदार ज्या ठिकाणी राहते, तेथील न्यायालयात हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ नुसार दावा दाखल करता येतो. त्यामुळे माहेरी परतलेल्या पत्नीला परदेशात जाऊन दाद मागावी लागत नाही. दिवाणी दाव्यांतील समन्स परदेशात बजावण्यासाठी १९६५ चा हेग करार वापरला जातो. तो भारताच्या बाबतीत १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. कलम १४४ खालील प्रकरणात प्रतिवादी जाणूनबुजून समन्स टाळत असल्यास दंडाधिकारी एकतर्फी सुनावणी घेऊ शकतात. असा एकतर्फी आदेश योग्य कारण दाखवून तीन महिन्यांच्या आत रद्द करून घेण्याची मुभा प्रतिवादीस असते.

उत्पन्नाची माहिती

परदेशातील पगार व मालमत्ता लपवणे तुलनेने सोपे असते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून पुढे आले होते. प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यात अनिवासी भारतीयांसाठी स्वतंत्र भाग आहे. त्यात नागरिकत्व, परकीय चलनातील उत्पन्न, तेथील घरखर्च व करदायित्व यांचा तपशील द्यावा लागतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि वेगवेगळ्या कायद्यांखाली आधीच मंजूर झालेली रक्कम वळती करावी, असेही या निकालात स्पष्ट केले आहे.

वसुली

प्रतिवादीची भारतात मालमत्ता किंवा बँकखाते असल्यास जप्तीद्वारे वसुली शक्य असते. त्यामुळे अर्जासोबतच त्याच्या भारतातील मालमत्तेचा तपशील देणे महत्त्वाचे ठरते. कलम १४४ खालील आदेश पाळला नाही, तर वॉरंट काढून रक्कम वसूल करता येते आणि प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. परंतु व्यक्ती देशाबाहेर असेपर्यंत कैदेची तरतूद परिणामकारक ठरत नाही. न्यायालयाचे समन्स किंवा वॉरंट निघाले असल्यास पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम १० खाली पासपोर्ट जप्त करण्याची कारवाई होऊ शकते.

परदेशातील पगारातून थेट वसुली त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालील परस्पर अंमलबजावणीच्या यादीत युनायटेड किंग्डम आहे. संयुक्त अरब अमिरातींचा समावेश जानेवारी २०२० मध्ये झाला. अमेरिका या यादीत नाही. शिवाय अंतरिम आदेश हा अंतिम निर्णय नसल्याने परकीय न्यायालयात त्याच्या अंमलबजावणीस हरकत घेतली जाऊ शकते. अशा वेळी प्रतिवादी राहतो त्या देशात स्वतंत्र अर्ज करणे हा पर्याय उरतो.

सुधारणांचे प्रयत्न

पतीच्या भारतातील व परदेशातील मालमत्तेतून पत्नीस पुरेशी पोटगी मिळावी यासाठी कायदा करण्याची सूचना सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये नीरजा सराफ प्रकरणात केली होती. राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीय विवाहांच्या तक्रारींसाठी विशेष कक्ष आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या अनिवासी भारतीय विवाह नोंदणी विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८७ व्या अहवालात विवाहनोंदणी सक्तीची करणाऱ्या आणि निर्वाहखर्च, मुलांचा ताबा व समन्स या बाबींचा समावेश असलेल्या सर्वंकष केंद्रीय कायद्याची शिफारस केली.