पौर्णिमा, बर्फ आणि दोन फळ्या

डिसेंबरात ऑस्लोला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसहा अंश वर येतो. झाडांच्या शेंड्यांआडून सरकत सरकत सव्वातीनच्या सुमारास तो मावळूनही जातो. त्याच महिन्यातल्या पौर्णिमेला मात्र सगळं उलटं होतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य जितका खालून जातो तितका हा चंद्र वरून जातो. मध्यरात्री ऑस्लोच्या आकाशात तो पन्नास अंशांच्या आसपास चढतो. डिसेंबरात मुंबईचा दुपारचा सूर्यही साधारण याच उंचीवर असतो. आणखी उत्तरेला ट्रॉम्सोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. तिथे बहुतेक वर्षी या काळातल्या पौर्णिमेच्या आसपास चंद्र मावळायचं विसरतो आणि काही दिवस आकाशातच गोल फिरत राहतो.

हे आधी सांगायचं कारण असं, की पौर्णिमेच्या रात्री बर्फाळ जंगलातून स्की करत जाणं ही आज आपल्याला पर्यटकांची हौस वाटते. आल्प्समधली हॉटेलं तिच्या जाहिराती करतात. पण स्की ही वस्तू ज्या प्रदेशात जन्मली आणि वाढली, तिथे वर्षातले कित्येक आठवडे दिवसाचा उजेड तुटपुंजा असायचा, आणि कामं तर थांबत नव्हती. पाहायचे फासे, दूर गेलेले रेनडिअर, पलीकडच्या वस्तीवर द्यायचा निरोप, यांपैकी काहीही उन्हाची वाट पाहत बसण्यासारखं नव्हतं. खाली पांढरं बर्फ आणि वर चंद्र, हा तिथला कामाचा उजेड होता. चांदण्यातली हौस फार पुढची.

रशियाच्या उत्तर भागात कोमी प्रदेशात सिंदोर नावाचं सरोवर आहे. त्याच्या जवळच्या व्हिस इथल्या दलदलीत ग्रिगोरी बुरोव्ह या पुरातत्त्वज्ञाला १९६०च्या दशकात लाकडी स्कीचे तुकडे सापडले. वय सुमारे आठ हजार वर्षं. त्यांतल्या एका तुकड्याच्या टोकाशी एल्क या मोठ्या हरणाचं मुंडकं कोरलेलं आहे. ते नुसतं नक्षीकाम नसावं, चढावर फळी मागे घसरू नये म्हणून खुंटीसारखा त्याचा उपयोग होत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला हा तुकडा फार महत्त्वाचा वाटतो. ज्याची शिकार करायची त्याचंच डोकं फळीवर कोरणारा माणूस ती फळी पहिल्यांदाच बनवत नव्हता. त्या कोरीवकामामागे कित्येक पिढ्यांचा सराव असला पाहिजे.

स्वीडनमधल्या काल्व्हत्रेस्कची जोडी १९२४ साली दलदलीतूनच वर आली. ती पाच हजार वर्षांहून जुनी आहे. लांबी २०४ सेंटिमीटर, रुंदी साडेपंधरा. सोबत एकच काठी होती, आणि तिचं एक टोक फावड्यासारखं पसरट होतं. दोन काठ्यांची पद्धत फार अलीकडची. हजारो वर्षं माणूस एका हातात काठी धरून चालला, म्हणजे दुसरा हात भाल्यासाठी किंवा धनुष्यासाठी मोकळा राहायचा. नॉर्वेच्या किनाऱ्यावर रोडोय इथे खडकात कोरलेली स्कीवरची मानवाकृती साधारण चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. तिच्याही हातात एकच दांडा आहे, आणि डोक्यावर जनावरासारखे लांब कान. १९९४ च्या लिलेहॅमर ऑलिंपिकची चित्रचिन्हं याच आकृतीवरून सुचली.

या सगळ्या फळ्या चालायच्या कशा? उतारावरून घसरणं सोपं, ते कुणालाही जमेल. खरी अडचण चढाची. त्यावरचा उपाय उत्तर युरोपात आणि अल्ताई पर्वतात एकच निघाला, तो म्हणजे फळीच्या तळाला केसाळ कातडं लावायचं आणि केसांचा रोख मागे ठेवायचा. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर सरळ जातो, उलटा फिरवला तर अडतो, तसंच हे. फळी पुढे सरकते, मागे सरकत नाही. अल्ताईत घोड्याच्या पायाचं कातडं वापरतात आणि तिथले शिकारी आजही एकाच काठीने स्की करतात. स्कँडिनेव्हियात आणखी एक युक्ती होती. एका पायाला लांब गुळगुळीत फळी, दुसऱ्या पायाला आखूड आणि कातडं लावलेली. आखूड फळीने रेटा द्यायचा, लांबवर घसरत जायचं. लाकडाला पाईनच्या खोडापासून काढलेलं डांबर गरम करून चोपडत, म्हणजे पाणी मुरत नसे.

नॉर्वेतल्या डिगरव्हार्डन इथे वितळत्या बर्फातून २०१४ साली एक स्की बाहेर आली आणि सात वर्षांनी, अवघ्या पाच मीटरांवर, तिची जोडीदार. वय सुमारे तेराशे वर्षं. पिळलेल्या बर्चच्या फांद्यांचे आणि चामड्याचे पट्टे अजून त्यांवर आहेत. फळ्या झिजलेल्या आहेत, दुरुस्त केलेल्या आहेत. कुणीतरी त्या मोडल्यावर टाकल्या नाहीत, सांधून पुन्हा पायाला बांधल्या.

उत्तरेतल्या या माणसांना चांदण्याचं एवढं महत्त्व का, याला बर्फाचंही कारण आहे. हिवाळा सरत आला की दुपारच्या उन्हाने बर्फाचा वरचा थर ओलावतो आणि रात्री आकाश निरभ्र असलं की गोठून कडक होतो. सकाळी ऊन चढेपर्यंत हे कवच माणसाचं वजन पेलतं, दुपारी त्याच जागी मांडीपर्यंत पाय रुततो. एल्कसारख्या जड जनावराचे खूर मात्र कवचही फोडून आत जातात. म्हणजे निरभ्र, गोठलेल्या रात्री स्कीवरचा शिकारी जनावरापेक्षा वेगवान ठरतो. आणि निरभ्र रात्र म्हणजेच, पौर्णिमा जवळ असेल तर, लख्ख चांदणं. कडक बर्फ आणि उजेड अशी दोन्ही एकाच वेळी मिळतात. नॉर्वेचा संशोधक फ्रिद्च्योफ नान्सेन याने १८८८ साली ग्रीनलंड ओलांडताना सुरुवातीच्या चढावर याच हिशेबाने रात्रीची वाटचाल केली. त्याच्या सहा जणांच्या तुकडीत सामुएल बाल्तो आणि ओले राव्हना हे दोन सामी होते. स्कीवर वाढलेल्या या जमातीच्या माणसांची नावं नान्सेनच्या नावामागे झाकली जातात, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्याआधी एक मोठा बदल झाला होता. जुन्या स्कीवर पायाचा फक्त चवडा पट्ट्यात अडकवलेला असे, टाच मोकळी. सपाटीवर आणि मंद उतारावर एवढं पुरतं. तीव्र उतारावर मात्र फळी वळवता येत नाही. मग काठी दोन पायांत घेऊन तिच्यावर भार टाकायचा, वेग मोडायचा, नाहीतर सरळ खाली जाऊन पडायचं. दाट झाडीत तर हे फारच बेताचं. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातल्या मोर्गेडाल गावच्या सोन्द्रे नोर्हेइम या गरीब कुळाने यावर तोड काढली. जन्म १८२५ चा. त्याने पिळलेल्या लवचीक फांद्यांचा पट्टा टाचेमागून फिरवला, त्यामुळे फळी पायाचं ऐकू लागली. शिवाय फळी मधे थोडी निमुळती केली, म्हणजे ती कडेवर कलली की वळते. १८६८ साली राजधानीत (आजच्या ऑस्लोत) तो स्पर्धेला आला आणि त्याची वळणं पाहून शहर थक्क झालं. १८८४ साली तो अमेरिकेला गेला, १८९७ मध्ये नॉर्थ डकोटाच्या सपाट गवताळ प्रदेशात वारला. उतार नसलेल्या मुलखात त्याची अखेर झाली, याचं मला वाईट वाटतं. १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकची ज्योत मोर्गेडालमधल्या त्याच्या घराच्या चुलीपाशी पेटवली, तेव्हा काही अंशी ते ऋण फिटलं.

नोर्हेइमचा पट्टा आला नसता तर आज आपण ज्याला चांदण्यातलं स्कीइंग म्हणतो ते झाडीत शक्यच नव्हतं. मोकळ्या पठारावर सरळ जाणं वेगळं आणि दोन स्प्रूसच्या मधून, पुढचं झाड उशिरा दिसत असताना, ऐन वेळी वळणं वेगळं.

नान्सेनचं ग्रीनलंडवरचं पुस्तक १८९० साली आलं आणि मध्य युरोपातल्या तरुणांना स्कीचं वेड लागलं. स्वित्झर्लंडच्या दावोस गावात टोबियास आणि योहानेस ब्रँगर या दोघा भावांनी या फळ्या पायाला बांधल्या. तिथल्या लोकांना तो पोरखेळ वाटला. थोराड माणसं लांबच लांब फळ्यांवर धडपडताहेत, हे पाहून गाव हसायचं. म्हणून हे भाऊ अंधार पडल्यावर, कुणाच्या नजरेला पडू नये अशा बेताने सराव करायचे, असं दावोसमध्ये आजही सांगतात. उत्तरेत रात्रीची स्की गरजेतून आली होती. आल्प्समध्ये ती लाजेपायी आली.

१८९३ साली दोघा भावांनी मायेनफेल्डर फुर्का ही सुमारे २,४४० मीटर उंचीची खिंड स्कीवरून ओलांडून आरोसा गाठलं. पुढच्या वर्षी त्यांच्यासोबत एक इंग्रजी लेखक आला, आर्थर कॉनन डॉइल. भालबा केळकरांच्या अनुवादांतून मराठी घरांत पोचलेल्या शेरलॉक होम्सचा हा जनक. बायकोला क्षय झाला होता, तिला थंड, कोरडी हवा मिळावी म्हणून तो दावोसला राहत होता. होम्सला तर त्याने नुकतंच, डिसेंबर १८९३ च्या कथेत, याच देशातल्या राइखेनबाख धबधब्यात लोटून दिलं होतं.

२३ मार्च १८९४. तिघे पहाटे साडेचारच्या सुमारास निघाले. डिसेंबर १८९४ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात डॉइलने या सफरीचा वृत्तांत लिहिला. त्यात जांभळट आकाशात चमकणाऱ्या मोठ्या फिकट चंद्राची त्याने आवर्जून नोंद केली आहे. पंचांग मागे मोजत नेलं तर ते चांदणं वर्णनाच्या शोभेसाठी घातलेलं नाही, हे कळतं. २१ मार्चला पौर्णिमा होती, आपली फाल्गुन पौर्णिमा. आपल्याकडे होळी पेटून, धुळवड होऊन गेली होती आणि आल्प्समध्ये हे तिघे जवळजवळ पूर्ण चंद्राच्या उजेडात, रात्रभर गोठून घट्ट झालेल्या बर्फावरून चढत होते. शिकाऱ्यांचाच जुना हिशेब होता हा, फक्त शिकार नव्हती. पलीकडे आरोसाकडच्या एका तीव्र उतारावर स्की एकत्र बांधून त्यांची घसरगाडी केली गेली, डॉइलची फळ्यांची जोडी हातातून निसटली, आणि त्याने तो उतार तसाच घसरत पार केला. त्यात त्याच्या जाड लोकरी विजारीची लक्तरं झाली. आरोसाच्या हॉटेलच्या नोंदवहीत टोबियासने त्याचा व्यवसाय ‘खेळाडू’ असा लिहिला आणि डॉइलला त्याचा भारी आनंद झाला. पुढे कधीतरी इंग्रज लोक शेकड्यांनी स्कीच्या मोसमासाठी इथे येतील, असं त्याने त्या लेखात म्हटलं, आणि ते खरं ठरलं. स्वित्झर्लंडमध्ये स्की डॉइलने आणली हे मात्र खरं नाही. लेख त्याचा असला तरी वाट ब्रँगर भावांची होती.

त्या लेखानंतर गोष्टी वेगाने घडल्या. ऑस्ट्रियात मथिआस झ्डार्स्कीने तीव्र उतारांसाठी आखूड स्की आणि शिकवण्याची पद्धत बसवली, त्याचं पुस्तक १८९६ चं. स्की क्लब निघाले, उतारावर चढवणारे दोरावरचे पाळणे आले. गुलमर्गच्या पाईनच्या जंगलातही १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला. दिव्यांचे खांबही आले. नॉर्वेत दुसऱ्या महायुद्धानंतर जंगलातल्या वाटांवर दिवे लागत गेले, आणि ऑस्लोलगतच्या नोर्दमार्का जंगलात आज ऑफिस सुटल्यावर लोक दिव्यांखालून स्की करतात. तिथल्या माणसाच्या तब्येतीसाठी ती उत्तम सोय आहे.

तरीही दिवा आणि चंद्र यांत फरक आहे, आणि तो केवळ भावनेचा नाही. पूर्ण चंद्राचा उजेड उन्हाच्या सुमारे चार लाखांव्या भागाइतका असतो. ताजं बर्फ त्यावर पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के परत फेकतं, म्हणून एवढासा उजेडही पुरतो. पण डोळ्याला त्याची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि कपाळावरचा दिवा एकदा लावला की ती सवय मोडते. अशा उजेडात रंग दिसत नाहीत, लाल रंग तर काळाच होतो. उंचसखलपणा नीट कळत नाही. झाडांच्या सावल्या बर्फावर काळे पट्टे पाडतात, आणि खरा धोका त्या पट्ट्यांत असतो. दाट फांद्यांच्या स्प्रूसखाली बर्फ कमी पडतं, त्यामुळे खोडाभोवती खोल खळगा राहतो. वरून भुसभुशीत बर्फाने झाकलेला हा खळगा आणि साधी सावली चांदण्यात सारखीच दिसतात. स्कीवरून त्यात डोकं खाली करून पडलेला माणूस एकट्याने बाहेर येणं फार कठीण. म्हणून जाणकार रात्री एकटं जात नाहीत, झाडाच्या बुंध्यापासून लांब राहतात, आणि दिवसा पाहिलेल्याच वाटेवर रात्री उतरतात.

आज या हौसेचे रीतसर सोहळे आहेत. इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये झायझर आल्म या विस्तीर्ण पठारावर हिवाळ्यातल्या पौर्णिमेला ‘मूनलाइट क्लासिक’ ही शर्यत भरते. शेकडो स्पर्धक रात्री सुटतात, प्रत्येकाच्या कपाळावर दिवा असतो. शर्यतीत ते आवश्यकच आहे, पण इतक्या दिव्यांत चंद्र किती उरतो, अशी शंका मला येते. स्वित्झर्लंडच्या एंगादीनमध्ये दियावोलेझ्झाच्या उतारावर पौर्णिमेच्या रात्री स्कीसाठी पाळणा चालू ठेवतात. उतारावर दिवे नसतात, आणि सारं चंद्राच्या तिथीवर बेतलेलं असतं. हवामान बिघडलं, ढग आले, की बेत रद्द होतो आणि लोक पुढच्या पौर्णिमेची तारीख पाहून ठेवतात.