गुराब बांधायची आहे: लाकडी नमुना-जहाजाची कुळकथा

ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. समुद्राचा खारा वारा इथे पोचत नाही. तरीही शिडाच्या लढाऊ जहाजाचा लाकडी नमुना अगदी मुळापासून, म्हणजे तयार संच न आणता, आराखड्यापासून तोफेपर्यंत सारे स्वतः करून बांधायचा असेल, तर चांदा आणि गडचिरोलीच्या जंगलाइतका सोयीचा मुलूख शोधून सापडणार नाही. त्यासाठी लागणारी जवळपास सगळी लाकडे इथल्या रानात उभी आहेत. ती कशी वापरायची हे पुढे येईलच. त्याआधी असा नमुना माणसाने मुळात कशासाठी बांधला, ते पाहायला हवे. आज तो काचेच्या पेटीत ठेवायची शोभेची वस्तू वाटतो. त्याच्या कुळात मात्र शोभेपेक्षा उपयोगाची परंपरा जास्त बलवान आहे.

सर्वांत जुने नमुने थडग्यांत सापडतात. इजिप्तमध्ये थीब्जजवळ मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली लाकडी होड्यांचा ताफाच मिळाला. त्याचे वय सुमारे ४,००० वर्षे. वल्ही मारणारे, सुकाणू धरणारे, स्वयंपाकाची वेगळी नाव, सारे त्यात आहे. मेलेल्या धन्याला परलोकात प्रवास करता यावा म्हणून ते ठेवलेले. पुढे युरोपातल्या किनारी गावांत वादळातून वाचलेले खलाशी नवस फेडण्यासाठी चर्चच्या छताला लहान जहाजे टांगू लागले. या दोन्ही ठिकाणी भाव खरा होता, पण मापाचे बंधन नव्हते. डोलकाठी जरा उंच झाली तर देव रागावत नाही.

मापाचे बंधन आले ते जहाज कागदावर उतरल्यावर. इंग्लंडात मॅथ्यू बेकर या जहाजबांधणी कारागिराने १५८० च्या दशकात जहाजांची मोजून काढलेली चित्रे केली, ती आजही जपलेली आहेत. त्याआधी जहाजाचा आकार गुरूच्या डोळ्यातून शिष्याच्या हातात जात असे. आराखडा आला तसा प्रमाणबद्ध नमुनाही आला. १६५० नंतरच्या काळातले इंग्रज नौदलाचे असे नमुने आजही पाहायला मिळतात. त्यांतल्या बहुतेकांचे प्रमाण १:४८, म्हणजे खऱ्या जहाजाच्या एका फुटाला नमुन्यात पाव इंच. खालच्या भागावर फळ्या न मारता आतल्या फासळ्या उघड्या ठेवायची त्यांची रीत होती. रेषांचे कागद वाचता न येणाऱ्या माणसालाही असा नमुना हातात घेऊन जहाजाचा घाट कळतो. इंग्रज नौदलाचा कारभारी सॅम्युएल पीप्स अशा नमुन्यांचा मोठा संग्राहक होता. पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचा पाया तर ड्युआमेल द्यू मोन्सो या शास्त्रज्ञाने १७४८ साली राजाला दिलेल्या नमुन्यांवर उभा आहे. ते नमुने जहाजबांधणी शिकवण्यासाठी होते.

तिसरी शाखा कैद्यांची. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले फ्रेंच खलाशी इंग्लंडात नॉर्मन क्रॉससारख्या छावण्यांत वर्षानुवर्षे अडकून पडले. त्यांनी शिध्यातल्या मांसाची हाडे उकळून, घासून, तासून त्यांच्या लहान फळ्या केल्या आणि तोफांच्या रांगा असलेली जहाजे उभी केली. आराखडा हाताशी नाही, हत्यारे तुटपुंजी; पण दोरखंडांची जागा त्यांना पाठ होती. मुळापासून बांधणी याचा सर्वांत कडक अर्थ त्यांनी दाखवला.

आता मराठी मुलखाकडे येऊ. मुंबईच्या गोदीत सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडात हार्टलपूलला आहे आणि अजून तरंगते आहे. तिचा घाट मूळचा फ्रेंचांचा. इंग्रजांनी पकडलेल्या ‘हेब’ या फ्रेंच जहाजाची मापे घेऊन त्यांनी आपल्या फ्रिगेटींचा, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजांचा, एक वर्गच बांधला होता. मुंबईसाठी त्या आराखड्याची प्रत ‘जावा’ जहाजातून निघाली, पण २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाला गाठून निकामी केले आणि ती प्रत तिच्याबरोबर गेली. दुसरी प्रत पाठवावी लागली, तोवर काम खोळंबले. एका कागदावाचून मुंबईतल्या निष्णात हातांनाही ते ठरावीक जहाज बांधता आले नाही. ज्याला आज ट्रिंकोमालीचा नमुना करायचा आहे त्याला आराखडे मिळतात, खुद्द जहाजही मोजता येते. तिथे प्रश्न कौशल्याचा आणि चिकाटीचा उरतो.

मराठ्यांच्या गुराबेचे, म्हणजे त्यांच्या आरमारातल्या लढाऊ जहाजाचे, तसे नाही. मोजमापांसह काढलेला तिचा आराखडा आपल्या हाती आलेला नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीकडे आरमाराची उभारणी सुरू केली. सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार अशी जहाजांची नावे येतात, पण लांबी-रुंदी येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, असा स्पष्ट हुकूम आहे. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणाऱ्या थोर फरगाती, म्हणजे फ्रिगेटी, बांधायचे कारण नाही, असेही त्यात सांगितले आहे. शिवाय आरमाराला आंबा-फणसाची लाकडे उपयोगी असली तरी रयतेने लेकरासारखी वाढवलेली झाडे तोडू नयेत, ही ताकीदही तिथलीच. नमुना बांधणाऱ्याला यातून नेमकी मापे मिळत नसली तरी जहाजामागचा विचार मिळतो: खाड्यांत शिरणारे, उथळ पाण्यात चालणारे, गरज पडली तर वल्ह्यांवर हलणारे आरमार.

प्रत्यक्ष रूपाचे वर्णन शत्रूच्या बाजूने येते. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो की तीन डोलकाठ्यांच्या गुराबा सुमारे ३०० टनांच्या आणि दोन डोलकाठ्यांच्या १५० टनांच्या असत. लांबीच्या मानाने त्या खूप रुंद, मधून पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या. नाळेच्या जागी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे आलेली लांब चोच. तिच्या मागच्या आडव्या भिंतीत दोन खिडक्या, त्यांतून ९ ते १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा चोचीवरून नेम धरत. दोन्ही बाजूंना ६ ते ९ पौंडी तोफा. गलबते मात्र क्वचितच ७० टनांहून मोठी. त्यांना ४० ते ५० वल्ही, मोठे शीड त्रिकोणी. बहुतेकांवर चिरलेल्या बांबूंचा हलका डेक, त्यावर फिरत्या लहान तोफा. हे सारे ऑर्मने लिहिले, पण त्याने वर्णिलेल्या, मराठा आरमाराचे सरदार असलेल्या आंग्र्यांच्या जहाजांपैकी पुष्कळशी फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली जळून गेली. वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या हल्ल्यात आधी एका जहाजाला आग लागली आणि ती सबंध ताफ्यात पसरली. आराखडा नाही, अवशेष नाहीत, तिथे लाकडी नमुना हाच विचार करायचा मार्ग उरतो.

ऑर्म रुंदी सांगतो, पण किती? चोच पठाणाशी, म्हणजे जहाजाच्या तळाच्या मुख्य लाकडाशी, कशी जोडली होती? त्या दोन तोफांचा मागे बसणारा दणका कुठल्या वासांनी पेलला? कागदावर ही वाक्ये पुढे सरकतात. हातात पठाण आणि वाक, म्हणजे फासळ्या, घेतल्या की प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. फळी एकतर त्या वळणावर वाकते किंवा मोडते. १२ पौंडी तोफेच्या गाड्याला मागे हटायला डेकवर जागा पुरते किंवा पुरत नाही. उत्तर चुकले तर लाकूडच सांगते.

इथे आपले जंगल कामाला येते. मन पहिल्यांदा सागाकडे धावते. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या आगारातून गेला तोच साग. गोदावरीच्या मुखावरच्या कोरिंगा बंदरात गोदाकाठचा साग जहाजबांधणीला लागत असे. ट्रिंकोमालीचा साग मात्र मलबारचा. नमुन्यात सागाची अडचण येते ती त्याच्या रंध्रांमुळे. ती नुसत्या डोळ्यांना दिसतात. पाव मिलिमीटरचे रंध्र १:४८ या प्रमाणात १२ मिलिमीटरचे भोक होते, आणि तोफेच्या माऱ्याआधीच जहाज चाळणीसारखे दिसते. म्हणून ज्या लाकडाने खरे जहाज घडले, ते नमुन्याच्या आत, न दिसणाऱ्या सांगाड्यात ठेवावे. बाहेरच्या फळ्यांना हळदू घ्यावा. पिवळसर, बारीक पोताचा, धार स्वच्छ ठेवणारा, कंगव्यांना चालणारा हा वृक्ष ताडोब्याच्या रानात आहे. कोरीव काम आणि चोचीवरचे नक्षी-भाग शिवणीत करावेत. ती सहसा पीळ धरत नाही. जहाजाच्या कुशीवरून जाणाऱ्या जाड काळ्या पट्ट्यांसाठी रंग लागत नाही. तेंदूच्या जुन्या खोडाचा गाभा जन्मतः काळा असतो.

बांबू गडचिरोलीचा. तो दोनदा लागतो. गलबताचा चिरलेल्या बांबूंचा डेक तर सरळच आहे. दुसरा उपयोग लाकडी खिळ्यांचा. खऱ्या जहाजात फळ्या वाकांना लाकडी खुंट्यांनीही ठोकत. ३६ मिलिमीटरची खुंटी १:४८ मध्ये पाऊण मिलिमीटरची होते. सोनार तार बारीक करतात तशी भोकांची पोलादी पट्टी घ्यायची आणि बांबूची काडी मोठ्या भोकातून लहान भोकात ओढत न्यायची. बांबूचे तंतू उभे आणि सलग असल्याने तो न तुटता सुताइतका बारीक होतो. जगभरचे कसलेले नमुनाकार याच कामासाठी बांबू वापरतात. तो आपल्या दाराशी उगवतो.

एका बाबतीत इथले हवामान कठोर आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जुलैत हवा ओलीचिंब होते. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत आक्रसते आणि फुगते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेल्या फळ्या पावसात एकमेकींना रेटतात, पावसाळ्यात बसवलेल्या उन्हाळ्यात फटी सोडतात. म्हणून चिरलेल्या पट्ट्या निदान एक पूर्ण वर्ष घरातच हवेशीर रचून ठेवाव्यात आणि फळीकाम हिवाळ्यात करावे. फळी अरुंद ठेवली तर तिचा फुगवटाही कमी.

नमुन्यातून खरे जहाज पुन्हा उभे राहू शकते, याचा पुरावा आपल्याच काळात मिळाला आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात शिवलेल्या फळ्यांचे जहाज बांधले गेले. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवण्याचे काम केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांनी केले. कोणताही आराखडा नव्हता. म्हणून नौदलाने मद्रास आयआयटीच्या सागरी अभियांत्रिकी विभागाकडून नमुन्याच्या पाण्यातल्या चाचण्या करून घेतल्या, मग ते बांधले. २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. म्हणजे चित्र, मग नमुना, मग जहाज. 

गुराबेसाठीही हाच क्रम शक्य आहे, आणि त्याची सुरुवात घरच्या टेबलावर होऊ शकते. अट एकच: बांधणाऱ्याने नमुन्याबरोबर एक वही ठेवावी. कुठले माप ऑर्मवरून घेतले, कुठला विचार आज्ञापत्रातून आला, कुठे कोकणातल्या आजच्या सुतारांची रीत पाहून ठरवले आणि कुठे केवळ स्वतःच्या अंदाजाने फळी बसवली, हे तिच्यात वेगवेगळे लिहावे. वही नसेल तर सुंदर नमुनाही पुढच्या माणसाची दिशाभूल करतो, कारण लाकडात घडलेला अंदाज वस्तुस्थितीसारखा दिसतो. वही असेल तर दहा जणांच्या दहा गुराबा एकमेकींशेजारी ठेवून कुठली जास्त संभवनीय, हे तपासता येईल. आंग्र्यांच्या आणि पेशव्यांच्या आरमाराचे आपण पोवाड्यांतून पुष्कळ गुणगान केले. आता ती जहाजे मोजून, तासून, जोडून समजून घ्यायला हवीत. ते काम मुंबई-रत्नागिरीने करावे तसेच ज्याच्या अंगणापलीकडे हळदू, शिवण आणि तेंदू उभे आहेत त्या चांद्याच्या माणसानेही करावे.